दासोपंतांची पासोडी

दासोपंत (शके १४७३, इ.स. १५५१ – शके १५३७, इ.स. १६१५-१६) हे दत्तसंप्रदायी कवी, एकनाथांचे समकालीन. मूळ नाव दासो दिगंबर देशपांडे. जन्म नारायणपेठ (आता तेलंगण). वडिलांकडे बेदरच्या बरीदशाहीतील देशपांडेपण होते. वसूल थकल्यामुळे मुलाला बेदरला ओलीस ठेवले आणि दत्ताजी पाडेवाराच्या रूपाने दत्तात्रेयांनी रक्कम भरून त्याला सोडवले, अशी आख्यायिका आहे. पुढे दासोपंतांनी घर सोडले. नांदेडवरून ते माहूरला गेले, तेथे दीर्घकाळ उपासना केली. गोदाकाठच्या राक्षसभुवनचा मुक्काम संपवून लातूरच्या वायव्येला अंबाजोगाईत स्थिरावले. समाधी तेथेच.

‘गीतार्णव’, ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’, ‘पदार्णव’ हे प्रमुख ग्रंथ. ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते (ज्ञानेश्वरी सुमारे ९,०००). दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. आकडा खरा-खोटा कसाही असो, लेखन हाच या पुरुषाचा नित्यनेम होता, हे त्या आठवणीतून नेमके कळते.

या लेखनातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र ग्रंथ नसून कापड आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे सुती वस्त्र. अंबाजोगाईच्या पासोडीची लांबी २४ हात आणि रुंदी अडीच हात दिली जाते. काही ठिकाणी ४० फूट व ४ फूट अशी मापे येतात. तिच्यावर ‘पंचीकरण’ हे प्रकरण लिहिलेले असून ओव्या सुमारे १,६०० आहेत. अक्षर खुद्द दासोपंतांचे, अशी परंपरा आहे. लिपी बाळबोध. देशपांडेपणाच्या दप्तरात मोडीची घाई चाले. पासोडीवर मात्र अक्षर सुटे, एकेक पाहून वाचण्याजोगे आहे. कापडावर लिहिण्यापूर्वी त्याला खळ देऊन ते घोटण्याची जुनी रीत होती, नाहीतर बोरूची शाई धाग्यात पसरते.

कापडाची निवड विषयाला धरून आहे. पंचीकरणात पाच महाभूतांपैकी प्रत्येकाचा अर्धा भाग त्याच्यापाशीच राहतो आणि उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होऊन ते इतर चौघांत मिसळतात. त्यातून स्थूल देहाची पंचवीस तत्त्वे मांडली जातात. पृथ्वीकडे अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम, आपाकडे रक्त, लाळ, मूत्र, घाम इत्यादी. पोथीच्या आडव्या, अरुंद पानावर हा हिशेब तुटत जातो. पासोडीवर तो चौकटी, आकृत्या आणि ओव्या यांतून सलग पसरता येतो. श्रोत्यांना भूत आणि तत्त्व यांचे नाते बोट ठेवून दाखवता येते. वेदान्त शिकवण्याची इतकी प्रत्यक्ष सोय जुन्या मराठीत क्वचितच कोणी केली असेल. वाङ्मयेतिहासांत पासोडीचा उल्लेख चमत्कारिक वस्तू म्हणून होतो, तो अपुरा आहे. न. शे. पोहनेरकर यांच्या संपादनामुळे मजकूर अभ्यासकांच्या हाती आला. तरी छापील पानांवर चौकटींच्या जागा हलतात आणि जागा हलली की विवेचनही हलते. पासोडीचा अभ्यास मूळ कापडासमोरच झाला पाहिजे.

पासोडीसारखे कवीचे हस्तलिखित घराण्याने जपण्याची तुलना जपानशी करता येते. दरबारी कवी फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) याची ‘मेइगेत्सुकी’ ही रोजनिशी आणि त्याच्या हातच्या प्रती क्योतोच्या रेइझेइ घराण्याने सांभाळल्या. त्याचे ठसठशीत वळण पुढे ‘तेइका शैली’ म्हणून गिरवले गेले. दासोपंतांची रोजनिशी नाही आणि त्यांच्या वळणाचा संप्रदायही झाला नाही. मात्र अंबाजोगाईत त्यांच्या वंशपरंपरेची थोरले देवघर व धाकटे देवघर अशी दोन स्थाने आहेत.

पदे: विपुल, रागांच्या निर्देशासह.

पुण्यतिथी: माघ वद्य षष्ठी.