दारातला हिरा

"अंगात गुण असेल तर कुणी अडवू शकत नाही." हे वाक्य आपण मुलांना किती सहज ऐकवतो! अमेरिकेतल्या बेसबॉलचा एक किस्सा वाचला आणि ते म्हणताना जीभ अडखळू लागली.

तिथे मोठे संघ छोट्या शहरांत दुय्यम संघ पोसतात आणि त्यांत खेळाडू घडवतात. याला 'फार्म सिस्टीम' म्हणतात. १९२०च्या दशकात ब्रँच रिकी यांनी सेंट लुईस कार्डिनल्ससाठी ही पद्धत उभी केली. पोरं हेरत गावोगाव फिरणारे ते स्काउट.

बोस्टन रेड सॉक्सकडे हे सगळं होतं. १६ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या फेनवे पार्कवर जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली. तीही राजीखुशीने नव्हे. नगरसेवक इसाडोर मुचनिक यांनी रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवण्याचा इशारा दिला होता. चाचणी उरकली, बोलावणं मात्र आलं नाही. त्याच वर्षी रिकींनी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. रिकी तेव्हा ब्रुकलिन डॉजर्समध्ये होते. मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात एक हंगाम खेळवून १५ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी त्याला मुख्य संघात उतरवलं. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. १९५० साली हाच मान जेथ्रोला मिळाला, आणि तोही बोस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून!

पुढची चूक तर घरातलीच. अलाबामातला बर्मिंगहॅम बॅरन्स हा रेड सॉक्सचा दुय्यम संघ. त्याच्याच रिकवुड मैदानावर कृष्णवर्णीयांचा ब्लॅक बॅरन्स संघही खेळायचा. त्यात विली मेज नावाचा कोवळा पोरगा होता. रेड सॉक्सच्या माणसाने त्याला पाहिलं, वर शिफारसही केली. संघाने घेतलं नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला उचललं. पुढे त्याच्या नावावर ६६० होमरन लागले.

रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, १९५९ मध्ये उतरवला. सोळा संघांत सगळ्यात शेवटी. १९४६ नंतर हा संघ अंतिम मालिकेत पोहोचला तो थेट १९६७ साली. त्याला इतरही कारणं असतील, पण हे कारण त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं.

म्हणजे हेरणाऱ्यांचे डोळे शाबूत होते, दार बंद होतं. म्हणून आता मी मुलांना मेहनत करायला सांगतो, पण ते जुनं वाक्य म्हणत नाही. निवड समितीत बसणाऱ्या माणसांना मात्र हा किस्सा जरूर सांगतो.