नांगराच्या निशाणीपासून कपबशीपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पहिला प्रश्न येतो तो निशाणीचा. ‘तुमची निशाणी काय?’ कुणाला कपबशी मिळते, कुणाला छत्री, कुणाला शिट्टी. मोठ्या पक्षांची चिन्हं ग्रामपंचायतीला चालत नाहीत. त्यामुळे घरातल्या आणि बाजारातल्या साध्या वस्तू आठ-दहा दिवस भिंतींवर मानानं मिरवतात. हा ‘निशाणी’ शब्द मात्र मतपेटीपेक्षा कितीतरी जुना आहे.

मराठेशाहीतले महजर पाहिलेत तर तुमच्या लक्षात येईल. महजर म्हणजे गोतसभेनं दिलेल्या निवाड्याचा कागद. शेताच्या बांधाचा तंटा असो की वतनाच्या वडीलकीचा, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही बाजू ऐकत, आणि जो निर्णय होई त्याखाली आपापली खूण करत. पाटलाची निशाणी नांगराची. बाकीच्यांचीही आपापल्या धंद्याच्या हत्यारा-अवजाराची. लिहिता न येणाऱ्या माणसाचीही कागदावर हजेरी लागे, ती अशी.

१८१९ साली एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, तेव्हा आपली गावं म्हणजे छोटी छोटी राज्यंच आहेत, असं त्याला वाटलं. तेव्हापासून ‘पूर्वी गाव कसं एकदिलानं चालायचं’ हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या सभेत बसण्याचा हक्क वतनातून येत होता. मिरासदाराचा शब्द वजनदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्या उपऱ्याचा हलका. एखादी वतनदार विधवा सोडली तर बाईमाणसाला तिथं जागा नव्हती. आणि महाराची निशाणी महजरावर असली, गावच्या शिवेचा तंटा त्याच्या साक्षीशिवाय सुटत नसला, तरी गावच्या पाणवठ्यावर त्याला जाता येत नव्हतं. म्हणजे साक्षीला माणूस हवा होता, पाण्याला नको होता. गावकीचा इतिहास सांगताना ही दुसरी बाजू झाकून चालत नाही.

इंग्रजी कोर्टकचेऱ्या आल्या आणि गोतसभांचं काम हळूहळू आटलं. मग १८८२ साली लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. कारभार सुधारावा हा त्यातला मुख्य हेतू नव्हता. लोकांना राजकीय शिक्षण मिळावं हा होता. १८८४ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. मताचा अधिकार मात्र मिळकतदारांपुरता राहिला. गावपातळीवरची पंचायत कायद्यानं आली ती १९२० साली, आणि १९३३ साली तिचा कायदा नव्यानं झाला.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळातली दोन कामं मला फार महत्त्वाची वाटतात. पहिलं, रावबहादुर सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव मुंबई कायदेमंडळानं मंजूर केला. अंमलबजावणी आली लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या गळ्यात. बहुतेक ठिकाणी कागद कागदावरच राहिला, म्हणून १९२६ साली बोल्यांना पुन्हा ठराव आणावा लागला, की जी मंडळं हे पाळणार नाहीत त्यांचं अनुदान रोखा. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्येच तळं खुलं केलं होतं, तरी ओंजळभर पाणी प्रत्यक्ष घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठराव आणि पाणी यांत किती अंतर असतं, हे ग्रामपंचायतीत बसलेल्या कुणालाही विचारा.

दुसरं काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९३२ साली ग्रामपंचायतीचं विधेयक कायदेमंडळात आलं तेव्हा त्यांनी त्याला कडक विरोध केला. नुसता मताचा अधिकार देऊन भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक गावात अस्पृश्य मूठभर असतात. खुल्या निवडणुकीत ते कधीच निवडून येणार नाहीत, आणि त्यांच्यावर कारभार मात्र पंचायतीचा चालेल. म्हणून राखीव जागा हव्यात. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले ते अनेकांना झोंबले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीनं पंचायतींचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आलं. गावावर विश्वास ठेवणारे आणि गावाचा अनुभव घेतलेले, असे दोन्ही आवाज आपल्या घटनेत एकाच महिन्यात उमटले आहेत. माझ्या मते पुढची सगळी वाटचाल म्हणजे या दोन आवाजांचा मेळ घालण्याची खटपट आहे.

१९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आला, तोच पुढे महाराष्ट्राचा झाला. १९६० साली राज्य स्थापन होताच वसंतराव नाईक समिती नेमली गेली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा नि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याच सुमारास एक गोष्ट गाजावाजा न होता घडली. कुलकर्णी वतन आधीच गेलं होतं. १ जानेवारी १९६३ पासून पाटीलकीचं वतनही कायद्यानं संपलं. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे जाणारा गावचा कारभार आता पाच वर्षांनी लोकांकडे मागायला जावा लागणार होता. मतपेटी गावात आली ती खरी तेव्हा. वाड्यावरचा माणूस हात जोडून दारोदार हिंडतोय, हे दृश्य म्हाताऱ्यांना आधी पटतच नव्हतं. खूपदा निवडून वाड्यावरचाच माणूस येई, हेही खरं. पण हात जोडावे लागले, एवढा फरक पडला.

बायकांचं काय? सगळं १९९३ नंतरच घडलं असं आपण धरून चालतो. तसं नाही. बारामती तालुक्यातल्या निंबूत गावी साठच्या दशकातच सगळ्या स्त्रियांची पंचायत कारभार करत होती. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, त्यात स्थानिक निवडणुका लढवण्याचा निर्धार झाला. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला संपूर्ण महिला पॅनेल निवडून आलं. संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत घरधन्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा होता, त्यातही विटनेर पुढे होतं. मग ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली, एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्यावर नेल्या. निंबूत आणि विटनेरला जे अपवाद म्हणून झालं ते आता प्रत्येक गावाला करणं भाग पडलं.

या बदलाच्या पहिल्या लाटेत, १९९७ साली, मी स्वतः उभी राहिले होते. मी शाळेत इतिहास शिकवणं सोडून गावी शेतीवर राहायला आले होते. आमच्या वॉर्डात तीन जागा, त्यांतली एक स्त्रियांसाठी. अर्ज भरला त्याच रात्री गावातली चार वडीलधारी माणसं ओसरीवर आली. ‘बाई, तुमच्याबद्दल काही नाही. पण गाव बिनविरोध करायचं ठरलंय. तेवढा अर्ज मागं घ्या.’ मी विचारलं, ‘माळावरच्या वस्तीला विचारलंत का?’ त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्या वस्तीतला हापसा होळीनंतर कोरडा पडायचा, आणि बायका दीड मैलावरून पाणी आणायच्या. बिनविरोधच्या यादीत त्या वस्तीचं एकही नाव नव्हतं.

मी अर्ज ठेवला. पंधरा दिवस पायी हिंडले. प्रत्येक दारात एकच बोलणं, नळ. समोरच्या पॅनेलनं आधी हसण्यावारी नेलं. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या पत्रकावर पहिली ओळ छापून आली, ‘माळवस्तीला नळ देणारच.’ मतमोजणीत मी तेवीस मतांनी पडले. पण पत्रक गावभर वाटलेलं होतं. वस्तीतल्या बायकांनी ते जपून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक ग्रामसभेत काढून दाखवलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या आत पाइप गेला. मी निवडून आले असते तर तो गेला असता की नाही, कुणास ठाऊक. मी उभीच राहिले नसते तर ती ओळ छापली गेली नसती, एवढं मात्र नक्की.

म्हणून ‘बिनविरोध’ या शब्दाचं कौतुक ऐकलं की मी जरा थबकते. भावकीतली भांडणं, फोडलेली डोकी, वर्षानुवर्षं न बोलणारी घरं, हे सगळं निवडणुकीतून होतं. मी ते पाहिलं आहे, ते टळावं असं कुणालाही वाटेल. आणि एकमतानं गाव उभं राहिल्याची उदाहरणंही आहेत. हिवरे बाजारनं १९८९ साली पोपटराव पवारांना बिनविरोध निवडलं आणि दुष्काळी गावाचं रूप पालटलं. पण त्याच हिवरे बाजारात जानेवारी २०२१ मध्ये, जवळजवळ तीन दशकांनी, निवडणूक झाली. पवारांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. त्यानं त्यांचं काही कमी झालं का? उलट काम मतपेटीतून तपासून निघालं.

त्याच जानेवारीत राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. बिनविरोध करणाऱ्या गावांना काही आमदारांनी निधी जाहीर केला होता. आणि त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं पदांचे लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली, पैसा देवळाच्या कामासाठी. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. पैसा देवाला गेला तरी ज्याच्या खिशात दोन कोटी नाहीत त्याला पंचायतीत जागा नाही, असा त्या लिलावाचा अर्थ होतो. वतन गेलं, आणि ते बोलीच्या वाटेनं परत येऊ पाहतं.

नियमही बदलत राहिले. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला उभं राहता येणार नाही, असा नियम आला. ज्यांच्या मुलांची संख्या घरातले दुसरेच ठरवतात अशा किती बायका त्यात गळल्या असतील, याचा विचार करावा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे २०१७ साली ठरलं, २०२० मध्ये मागं घेतलं, २०२२ मध्ये परत आणलं. निवड कशीही होवो, सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून तिचे यजमान बसतात, हा प्रकार मी अजून पाहते. पण दुसऱ्या वेळी निवडून आलेली बाई ती खुर्ची उचलायला लावते, हेही पाहते.

श्रोत्यांपैकी कुणाच्या मनात उभं राहायचं असेल तर माझं सांगणं एवढंच. आधी गावचं अंदाजपत्रक मागून वाचा. घरपट्टी किती जमली, पाणीपट्टी किती थकली, वित्त आयोगाचे पैसे कुठं खर्च झाले, ते बघा. गटार, दिवाबत्ती, स्मशानभूमीचा रस्ता, गायरानावरचं अतिक्रमण, हे विषय भाषणात सगळेच घेतात. त्यांचा आकडा सांगणारा एखादाच असतो. आणि ग्रामसभेला बसा. १५ टक्के किंवा शंभर मतदार, यांत जे कमी असेल तेवढे आले की गणपूर्ती होते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गावाच्या नकळत झालेले पुष्कळसे ठराव या दुसऱ्या सभेत झालेले असतात.

गावात मतदार थोडे. वॉर्डात तीनशे-चारशे. कुणी कुणाला मत दिलं याचा अंदाज सगळ्यांना असतो, सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. तरीही मतदानाच्या खोलीत तो पुठ्ठ्याचा आडोसा असतो. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी बाई त्या आडोशामागे उभी राहते, तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात तिच्यासमोर ना मालक असतो, ना नवरा, ना भावकी. फक्त निशाण्या असतात. महजराखाली निशाणी करायला वतन लागायचं, तिला लागत नाही. तिच्यापुढे निशाण्या निदान दोन तरी असाव्यात, म्हणजे तिला निवडता येईल. तेवढ्यासाठी तरी गावात कुणीतरी अर्ज मागं न घेता राहायला हवं.