ओढ्यातला मासा, काचेतला मासा

आजचा विषय ऐकायला अगदी लहान आहे. नदी-ओढ्यातून पकडून आणलेला मासा घरातल्या काचेच्या पेटीत ठेवावा का? एवढाच.

हा प्रश्न आमच्यापर्यंत आला तो मागच्या एका व्याख्यानानंतर. आठवी-नववीतली दोन मुलं पाण्याची बाटली घेऊन थांबली होती. बाटलीत बोटाएवढे पाच-सहा पट्टेरी मासे होते, तळाशी दगडाला धरून राहणारे. मुलगा म्हणाला, "सर, हे घरी ठेवले तर चालतात का? आई म्हणते पाप लागेल. बाबा म्हणतात, आपण मासे खातो तेव्हा लागत नाही का?" आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आज त्या उत्तराची थकबाकी भरायची आहे. आणि आमची वाट इतिहासाची असल्यामुळे आधी मागे जाऊ, मग कर्जत-खालापूरला परत येऊ.

घरात काचेच्या पेटीत मासे पाळायची हौस आज आपण ज्या रूपात ओळखतो, ती फार जुनी नाही. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पाणवनस्पती, गोगलगायी आणि मासे एकत्र ठेवले तर पाणी बरेच दिवस टिकतं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक त्यामागे होता. पुढच्याच वर्षी त्याचं ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हौसेची लाट उसळली. लोक समुद्रकिनाऱ्यावर गेले, खडकातल्या डबक्यांतून दिसेल ते उचलून घेऊन आले. पुढे १९०७ साली गॉसच्या मुलाने, एडमंडने, वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो की ती सुंदर डबकी संग्राहकांनी ओरबाडून नेली, आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे झालं याचं वडिलांना फार वाईट वाटे. म्हणजे बघा, ही हौस जन्मली आणि पन्नास-साठ वर्षांच्या आत तिचा पश्चात्तापही छापून आला. आज आपण काही नवीन प्रश्न विचारत नाही आहोत.

आता आपल्याकडे येऊ. सह्याद्रीच्या माशांची शास्त्रीय नोंद कुणी केली? कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनमध्ये फिरत होता. त्याने इथल्या नद्यांतल्या माशांचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केलं. गंमत अशी, की पुष्कळ माशांना त्याने नावं दिली ती इथल्या कोळ्यांच्या तोंडची. खुद्री, मुसुल्ला, कोलूस ही शास्त्रीय नावं आजही जगभर चालतात. त्यांची पाळंमुळं मराठी बोलीत आहेत. माशाची नोंद शास्त्राच्या जगात गेली, पण जाताना नाव इथलं घेऊन गेली.

मग आली रेल्वे. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले, १८६३ साली बोरघाट चढून गेले. घाट सोपा झाला तसे अभ्यासकही आले. नेल्सन अॅनंडेल, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे पहिले संचालक, यांनी १९१९ साली मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांच्या जीवसृष्टीवर एक निबंध लिहिला. त्यात खंडाळ्याच्या ओढ्यातला एक चिमुकला मासा पहिल्यांदा शास्त्राच्या वहीत आला. आज त्याला पॅराप्सिलोऱ्हिंकस टेंटाक्युलेटस म्हणतात. नाव जिभेला जड आहे, मासा मात्र बोटाएवढा. जोराच्या धारेत खडकाला चिकटून राहणारा. खंडाळा म्हणजे आपल्या खालापूरच्या अगदी डोक्यावर. ज्या ओढ्यांकडे आपण "काय असणार त्यात" म्हणून बघतो, त्यांच्यासाठी इतक्या लांबून माणूस आला होता.

त्याच काळात इथलं पाणीच बदललं. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं. घाटावरच्या धरणांतलं पाणी, जे एरवी पूर्वेला गेलं असतं, ते नळांतून खाली कोकणात पडू लागलं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळालं, भिवपुरीचं कर्जतच्या बाजूला. काही नद्या बारमाही झाल्या. पण ज्या ओढ्यांना हे पाणी मिळालं नाही, ते अजून जुन्याच नियमाने चालतात. आषाढात दुथडी, दिवाळीनंतर बारीक धार, आणि चैत्र-वैशाखात फक्त डोह. आमच्या उत्तराची किल्ली या डोहांत आहे, म्हणून हे चित्र डोक्यात ठेवा.

कर्जत-खालापूरच्या माणसाला मासा कसा भेटतो? पहिला मोठा पाऊस झाला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. ओढ्यातून शेतात, शेतातून खाचरात. आपण त्याला वलगण म्हणतो, कुणी चढणीचे मासे म्हणतं. रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खं गाव बांधावर असतं. आम्हीही लहानपणी असायचो. खाण्यासाठी पकडलेल्यातले दोन-तीन बारके मासे आम्ही हॉर्लिक्सच्या बरणीत ठेवायचो. पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी मासे तोंड वर काढून धापा टाकायचे, तिसऱ्या दिवशी बरणी उकिरड्यावर रिकामी व्हायची. वाहत्या पाण्यातल्या माशाला प्राणवायू लागतो, गारवा लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही क्रूर नव्हतो, अडाणी होतो. माशाला त्याचा काही उपयोग नव्हता.

आता त्या मुलाच्या बाबांचा मुद्दा घेऊ, कारण तो सोडून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपण मासे खातो. कातकरी, ठाकर, आगरी, कोळी, सगळे खातात. कित्येक कातकरी घरांत पावसाळ्यातला मासा आणि चिंबोरी हाच कालवणाचा आधार असतो. मग खायला चालतो आणि पाळायला चालत नाही, हे कसलं नीतिशास्त्र?

आमचं म्हणणं असं, की खाणाऱ्याला निदान हद्द होती. पोट भरलं की पाग गुंडाळला जायचा. सगळंच निर्मळ होतं असंही नाही. गेळफळ किंवा रामेठ्याची साल टाकून मासे गुंगवायची रीत सह्याद्रीत जुनी आहे, आणि डोहात सुरुंग उडवणारेही होते. त्यासाठी तर इंग्रज सरकारला १८९७ साली मत्स्यविषयक कायदा करून विष आणि स्फोटकं यांना बंदी घालावी लागली. पण दुसऱ्या बाजूला देवाचे मासेही होते. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडकडे, काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मोठे मासे देवीचे मानतात. लोक त्यांना खायला घालतात, पकडत नाहीत. ही तीच साइक्सने नोंदवलेली खुद्रीची जात. जे मासे खातात, त्यांनीच एक डोह राखून ठेवला. खाणं आणि राखणं एकाच गावात नांदत होतं.

शोभेच्या माशाचा बाजार निराळा. त्याला पोट नाही, त्यामुळे "पुरे" म्हणायची वेळ येत नाही. केरळातल्या नद्यांतला लाल रेघेचा मासा, ज्याला बाजारात मिस केरळ म्हणतात, त्याची गोष्ट बघा. १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी त्याची नोंद केली आणि मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. शंभर-सव्वाशे वर्षं कुणी विचारलं नाही. १९९० नंतर परदेशी हौशी मंडळींना तो आवडला, आणि थोड्याच वर्षांत तो धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या जातींचे सुमारे १५ लाख गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाल्याचं दिसलं. त्यात सर्वाधिक गेलेल्यांत मिस केरळबरोबर पट्टेरी बोटिया होता. हा बोटिया आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या उपनद्यांतला. लक्षात घ्या, लाखांनी गेला तो कुठल्या तळ्यात वाढवलेला मासा नव्हता, ओढ्यातून उचललेला होता.

आणि कायदा? तोही या माशाकडे उशिरा वळला. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव ‘प्राणी’ आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत उभयचर, पक्षी, सस्तन आणि सरपटणारे होते, माशाचं नाव नव्हतं. ते आलं २००२ च्या दुरुस्तीने. आणि व्याख्येत नाव आलं तरी संरक्षण मिळतं ते अनुसूचीत असलेल्या जातींनाच. ओढ्यातली साधी मुरी कायद्याच्या दारात अजून उभीच आहे.

एक चांगलं उदाहरणही सांगायला हवं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात एक नवीन मासा सापडला. २०२० साली त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं. नवा, देखणा आणि एवढ्याशा जागेतला मासा म्हणजे संग्राहकाला आमंत्रणच. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा एकटा वाचत नाही, त्याचं पाणी वाचावं लागतं, हे तिथे कागदावर आलं.

पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. ब्राझीलमध्ये रिओ निग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल टेट्रा हा छोटा मासा पकडून मत्स्यालयांसाठी विकतात. पूर ओसरला की जंगलात अडकलेले असंख्य मासे एरवी मरतातच. ते पकडून गावाचं पोट चालतं, म्हणून गाव जंगल तोडत नाही. म्हणजे रानातला मासा पकडणं हे प्रत्येक वेळी पाप आहे, असं म्हणता येत नाही.

आता हे आपल्या पाण्याला लावून बघा. आश्विन-कार्तिकात खाचरं आटतात. बांधाच्या कडेला ओंजळभर पाण्यात जी पिल्लं अडकतात, ती आठ दिवसांत कावळ्या-बगळ्यांची किंवा उन्हाची. त्यातली दोन उचलली तर ओढ्याचं काही बिघडत नाही. पण तीच जात वैशाखात डोहातून उचलली तर? त्या डोहात उरलेले मूठभर मासे म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं. घरातलं बियाणं कुणी शोभेसाठी परातीत मांडून ठेवतं का? आणि पहिल्या पावसात पोटात अंडी घेऊन चढणारी मादी उचलली तर तो हिशोब आणखी वाईट. मासा एकच, पाप-पुण्य महिन्याप्रमाणे बदलतं. हे आपल्या आजीला ठाऊक होतं, बाजाराला ठाऊक नसतं.

म्हणून त्या मुलांना आमचं उत्तर असं. बाळांनो, पकडलात हा गुन्हा नाही. पण तीन गोष्टी विचारा. हा कुठल्या पाण्यातला आणि कुठल्या महिन्यातला? याला जे वाहतं, गार पाणी लागतं ते आपण देऊ शकतो का? आणि हा ज्या ओढ्यातून आला, त्या ओढ्याचं आपण काय देणं लागतो? पहिल्या दोहोंचं उत्तर नसेल तर आजच, त्याच डोहात परत सोडा. दुसऱ्या नदीत नाही. आणि दुकानातून आणलेला सकर, तिलापिया, गप्पी कंटाळा आला म्हणून उल्हास नदीत कधीही सोडू नका. आपल्याला ती दया वाटते, पण ते परके मासे इथल्यांचं अन्न आणि जागा खातात.

आणि मोठ्यांना एक सांगतो. ओढ्यातली वाळू काढली, कारखान्याचं पाणी सोडलं, फार्महाऊससाठी डोह बुजवला, तर एका दिवसात जेवढे मासे जातात, तेवढे सगळ्या तालुक्यातली पोरं मिळून बाटलीत भरू शकणार नाहीत. पोराच्या बाटलीकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही.

परवा ती मुलं पुन्हा भेटली. मासे परत सोडले म्हणाली, एक वाटेत मेला. मग धाकट्याने विचारलं, "सर, त्या डोहाला नाव काय?" आम्हाला माहीत नव्हतं. गावातल्या एका म्हाताऱ्या कातकरी बाबांना विचारलं, त्यांनी लगेच सांगितलं. डोहाचंही, आणि त्यातल्या सहा माशांचंही. ती नावं आम्ही वहीत उतरवून घेतली आहेत. तुमच्या गावच्या डोहांची नावं आणि त्यातले मासे तुम्ही लिहून आणा. पुढची बैठक त्यावरच करू.