रक्तदाबयंत्रांची परीक्षा

दंडाला पट्टा गुंडाळून कळ दाबली कीं मिनिटाभरांत रक्तदाबाचे दोन आंकडे उमटतात, हें दृश्य आतां घरोघरीं दिसतें. त्या आंकड्यांवर कित्येकांची रोजची गोळी ठरते. परंतु आंकडा सांगणाऱ्या यंत्राची परीक्षा कोणीं व कशी घेतली, हें विचारणारे थोडे. तो इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इटलींतील तुरिन येथें रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं दंडावर हवेचा पट्टा आवळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. परंतु तींत बोटानें नाडी चाचपून केवळ वरचा दाब कळत असे. पुढें १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें कोरोत्कोव्ह या रशियन शस्त्रवैद्यानें पट्ट्याखालीं धमनीवर स्टेथॉस्कोप ठेवला. हवा सोडतांना पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा दाब, आणि आवाज नाहींसा होतो तो खालचा. तेव्हांपासून वैद्यकानें मनुष्याच्या कानावर भिस्त ठेविली.

आजचें स्वयंचलित यंत्र बहुधा ठोके ऐकतच नाहीं. धमनीच्या स्पंदनानें पट्ट्यांतील हवेंत जीं आंदोलनें उठतात तीं टिपून, त्यांवरून दोन्ही दाब तें गणितानें काढतें. हें गणित ज्या त्या कारखानदाराचें गुपित असतें. म्हणून उत्तर बाहेरून पडताळून पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

समजा, यंत्रानें एकाचा दाब १० मिलिमीटर जास्त दाखविला व दुसऱ्याचा १० कमी. सरासरी चूक शून्य भरते. परंतु रोगी दोघेही फसतात! म्हणून अमेरिकेंत १९८७ सालीं जें मानक ठरलें, त्यांत सरासरी फरक ५ मिलिमीटरांच्या आंत असावा एवढ्यावर न थांबतां, फरकांचें प्रमाणविचलनही ८ च्या आंत असावें, अशी अट घातली. ब्रिटिश हायपरटेन्शन सोसायटीनें १९९० सालीं स्वतःची परीक्षापद्धति काढली. १९९३ सालीं ती सुधारली, तेव्हां पहिल्या श्रेणीसाठीं शेंकडा ६० वाचनें ५ मिलिमीटरांच्या आंत, ८५ वाचनें १० च्या आंत व ९५ वाचनें १५ च्या आंत जुळलीं पाहिजेत, असें ठरलें.

आतां प्रश्न परीक्षकाचा. मनुष्याचा कान मंदावतो; डोळाही शून्यानें संपणाऱ्या आंकड्याकडे ओढ घेतो. पारा १३८ वर असतो आणि हात १४० लिहितो. यासाठीं दोन परीक्षक दुहेरी स्टेथॉस्कोपमधून एकच ठोका ऐकतात, पण एकमेकांचे आंकडे पाहत नाहींत. अमेरिकन, युरोपीय व आंतरराष्ट्रीय संस्थांनीं २०१८ सालीं मिळून जें मानक केलें, त्यांत निदान ८५ माणसांवर परीक्षा व्हावी, आणि परीक्षकांत ४ मिलिमीटरांहून अधिक अंतर पडल्यास तें वाचन टाकून द्यावें, असा दंडक आहे. परीक्षकांचेंच जमत नसेल तर यंत्राला नापास करण्याचा त्यांस अधिकार कसला?

एवढ्यानेंही काम संपत नाहीं. गर्भवती स्त्रिया, लहान मुलें व अनियमित नाडीचे रोगी यांच्यासाठीं वेगळी परीक्षा लागते. शिवाय उत्तीर्ण होतो तो यंत्राचा नमुना. आपल्या घरांतील प्रत्येक नग नव्हे. म्हणून विकत घेतांना तो नमुना परीक्षेस उतरला आहे कीं नाहीं तें विचारावें, आणि अधूनमधून आपलें यंत्र दवाखान्यांत नेऊन डॉक्टरांच्या मापाशीं ताडून पाहावें. आंकडा स्पष्ट दिसतो एवढ्यावरून तो खरा ठरत नाहीं.