दृष्ट, बागुलबुवा आणि पाळणाघर : वर्षाच्या बाळाच्या हट्टाचा इतिहास

वयाचे पहिले वर्ष पुरे होण्याच्या सुमारास मूल जमिनीवर अंग टाकून भोकाड पसरू लागते, हातातली वस्तू भिरकावते, पाठ ताणून कडेवरून निसटू पाहते, आणि या वागण्याला मराठीने ‘हट्ट’ असे नाव दिले असले तरी तो शब्द मोठ्यांच्या जगातून आलेला आहे. राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट असे तीन हट्ट एका माळेत ओवण्याची जुनी रीत आहे. पण राजाजवळ सत्ता असते, स्त्रीजवळ निदान वाणी असते आणि वर्षाच्या बाळाजवळ यांतले काहीच नसते. नुकते पाऊल टाकू लागलेल्या बाळाला काय हवे ते कळते, मात्र ते सांगण्याइतकी भाषा आलेली नसते, आणि उसळलेला राग आवरणारी मेंदूतील व्यवस्था तर पुढे कित्येक वर्षे घडत राहते. मूल पूर्वीही असेच रडत असणार. बदलत गेले ते त्या रडण्याचा अर्थ लावणारे लोक आणि त्या वेळी बाळाजवळ असणाऱ्या हातांची संख्या.

या बदलाचा माग घेण्यास छत्रपती संभाजीनगरमधील गारखेडा सोयीचा आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले, तरी जुन्या शहराच्या दक्षिणेकडील हे गाव दीर्घकाळ नावाप्रमाणे खेडेच राहिले. १९६० नंतर शहराभोवती औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, आणि जालना रस्ता व बीड बायपास यांच्या मधल्या शेतजमिनींवर एकामागून एक नगरे वसत गेली. आज ‘गारखेडा परिसर’ म्हटल्यावर मूळ गावापेक्षा पुंडलिकनगर आणि सूतगिरणी चौक अशी नावे आधी आठवतात.

मराठवाड्यातील खेड्यात बाळाच्या अकारण रडण्याचे कारण बहुधा बाळाबाहेर शोधले जाई. झोपेत मूल हसले किंवा दचकून रडले, तर पाचवीला किंवा सहाव्या रात्री जिची पूजा होते ती सटवाई त्याला हसवते-रडवते, असे मानत. जागेपणी ते आवरेनासे झाले, तर त्याला दृष्ट लागली, म्हणजे कुणाची वाईट नजर बाधली, असे ठरे. मग घरातली वडीलधारी बाई मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवी व चुलीत टाकी. मिरच्यांचा ठसका आला नाही, तर दृष्ट जबर होती असा निर्वाळा मिळे. या विधीमुळे अनेकदा दुखणे अंगावर काढले गेले आणि औषधाला उशीर झाला, हे नाकारता येत नाही. तरीही त्याची एक बाजू अभ्यासकाने मनापासून समजून घ्यावी अशी आहे: दृष्ट लागली असे म्हटल्याने दोष बाळाकडेही जात नसे आणि आईकडेही जात नसे. थकलेल्या आईच्या हातून बाळ घेतले जाई, दुसरी बाई पुढे होई, आणि मुठीच्या फिरण्याकडे व चुलीतल्या तडतडीकडे बाळाचे लक्ष वेधले जाई.

जात्यावरच्या ओव्यांत मुलगा ‘राघू’ आणि मुलगी ‘मैना’ होऊन येते. साने गुरुजींनी १९४० मध्ये ‘स्त्री जीवन’ या संग्रहात अशा ओव्या मोठ्या संख्येने एकत्र केल्या, आणि लेकराचे रडणे, रुसणे हा त्यांतला जिव्हाळ्याचा विषय आहे. बालरामाने आकाशातला चंद्र मागितला आणि त्याच्या हाती आरसा देऊन त्याला शांत केले, ही कथाही मोठ्यांनी लहानांना शतकानुशतके सांगितली. तिच्यात मागणी खोटी ठरवली जात नाही, मुलाला मारही बसत नाही. हाताला लागेल असे दुसरे काही समोर धरले जाते, आणि वर्षाच्या बाळापुरती ही युक्ती आजही खरी आहे.

परंपरेची दुसरी, कठोर बाजू म्हणजे बागुलबुवा. रडणे थांबत नाही किंवा घास गिळला जात नाही म्हणून अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवून बाळाला घाबरवणे घरोघरी चाले. ही रीत जुनी आहे, पण तिला विरोधही तितकाच जुना आहे, हे फारसे सांगितले जात नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालसंगोपनाचे नियम आहेत. मूल रडत असेल, जेवत नसेल किंवा सांगितलेले ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तिथे स्पष्ट बजावले आहे. खेळणी रंगीबेरंगी, हलकी, आवाज करणारी असावीत, त्यांना टोके नसावीत, ती तोंडात जाण्याजोगी किंवा भय वाटेल अशी नसावीत, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. अडून बसलेल्या बाळाशी कसे वागू नये, याचा इतका नेमका विचार करणाऱ्या परंपरेत बागुलबुवाच घरात टिकला, ही खेदाची गोष्ट आहे.

गिरणी आली तेव्हा मदतीचे हात एकदम कमी झाले, आणि या इतिहासातले सर्वांत दुःखद पान त्या काळाचे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या बाया तान्ह्या आणि रांगत्या मुलांना ‘बाळागोळी’ देत. ही अफूमिश्रित गोळी घेतलेले मूल तासन्‌तास निपचित पडून राही. अफूने भूक मरते, कोठा जखडतो आणि मात्रा वाढली तर श्वास मंदावतो. मूल शांत दिसे, पण वाळत जाई. त्या आयांना निर्दय म्हणणे अन्यायाचे आहे, कारण कामावर गेले नाही तर मजुरी बुडे आणि मूल सांभाळायला मागे कुणी नसे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरे हवीत असे सुचवले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले; १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आली. घरकाम, बांधकाम किंवा लहान दुकानात राबणारी आई मात्र या कायद्याच्या कक्षेत आली नाही.

हट्टाचे कारण बाळाच्या आतच शोधण्याचा विचार मराठीत रुजवण्यात ताराबाई मोडक यांचा वाटा फार मोठा आहे. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभारला, पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालवाडीचे काम केले, आणि ‘बालकांचा हट्ट’ या नावाचे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. या विचाराचा उगम मारिया माँटेसरी यांच्या निरीक्षणांत होता. टेबलावर कुणीतरी ठेवलेली छत्री पाहून सहा महिन्यांची मुलगी आकांत करते आणि छत्री तिथून हलवताच शांत होते, असा प्रसंग त्यांनी नोंदवला आहे; वस्तू नेहमीच्या जागी असण्याची बाळाची गरज मोठ्यांना हट्ट वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ मध्ये आयांनी ठेवलेल्या रोजनिशींवरून दाखवले, की रागाचे झटके दुसऱ्या वर्षात सर्वाधिक असतात आणि भूक व आजारपण यांनी ते वाढतात. रडता रडता श्वास रोखून निळे पडणाऱ्या बाळाच्या रक्तात लोहाची कमतरता आहे का, हे डॉक्टर आता तपासतात. पूर्वी अशा बाळाला घेऊन लोक देवऋषीकडे धावत.

हे ज्ञान गारखेड्यासारख्या वस्त्यांत दवाखाना आणि अंगणवाडी या दोन वाटांनी आले. डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ मध्ये याच परिसरात सुरू झाले. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली होती, आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे मुख्यालय याच शहरात आले. मात्र या योजनांचा भर प्रदीर्घ काळ वजन, लस आणि आहार यांवर राहिला. तीन वर्षांखालील मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळे. त्याच्या रागाचे काय करावे, हे आईला विचारता येईल अशी जागा तिथे क्वचितच होती. दरम्यान नोकरीसाठी गाव सोडून दोन खोल्यांत राहू लागलेल्या कुटुंबातली आजी मागे राहिली होती, आणि बाळ रडले की पलीकडच्या घरी आवाज जाईल या धास्तीने बंद दाराआड एकटी आई त्याला गप्प करू पाहत होती.

गेल्या दशकात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने ‘आरंभ’ हा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा उपक्रम यवतमाळ आणि औरंगाबाद या जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात अंगणवाडी सेविका पालक मेळाव्यात आईबरोबर वडिलांना आणि आजीआजोबांनाही बोलावतात आणि बाळाशी बोलणे, खेळणे, त्याच्या खुणा ओळखणे यांची उजळणी करून घेतात. तिथे मांडलेली खेळणी घरातल्याच डब्यांची, चिंध्यांची आणि वाट्यांची असतात: रंगीत, हलकी, वाजणारी, टोके नसलेली आणि तोंडात जाणार नाहीत एवढी मोठी.