एट्रुस्कन चिचुंद्री आणि बी हमिंगबर्ड

वजनाने सर्वांत लहान सस्तन प्राणी आणि सर्वांत लहान पक्षी. एट्रुस्कन चिचुंद्री (सन्कस एट्रस्कस) सरासरी १.८ ग्रॅमची, तर क्यूबातल्या बी हमिंगबर्डचा (मेलिसुगा हेलेनी) नर सुमारे १.९५ ग्रॅमचा, मादी त्याहून जड. चिचुंद्री आणि हा नर एकाच पारड्यात घातले तरी भार दोन रुपयांच्या नाण्याहून कमीच भरेल.

एक पालापाचोळ्यात राहणारी, दुसरा हवेत तरंगणारा. तरी दोघेही दोन ग्रॅमच्या आसपासच थांबले, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. शरीर जितके लहान, तितकी आकारमानाच्या मानाने त्वचा जास्त आणि उष्णता लवकर निसटते. ती भरून काढायची तर सतत खात राहावे लागते.

चिचुंद्रीच्या हृदयाचे मिनिटाला १,५११ ठोके मोजले गेले आहेत, म्हणजे सेकंदाला पंचवीस. रोज ती स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट किडे फस्त करते. नजर अधू, मिशांच्या स्पर्शावरच ती अंधारात जवळजवळ स्वतःएवढ्या रातकिड्यावर झडप घालते. जागा बदलताना पिल्ले एकमेकांच्या शेपटीचे बूड तोंडात धरून आईमागे आगगाडीसारखी निघतात. पाओलो साव्ही यांनी १८२२ मध्ये इटलीत तिचे वर्णन केले. आढळ मात्र भूमध्य प्रदेशापासून दक्षिण आशियापर्यंत आहे. आपल्याकडे रात्री भिंतीच्या कडेने चिकचिकत पळणारी चिचुंद्री याच सन्कस वंशातली, पण तिच्यापुढे ही अगदीच चिमुरडी.

हमिंगबर्डचे मुख्य इंधन मकरंदातली साखर. प्रथिनांसाठी तो बारीक कीटक व कोळी टिपतो. चिचुंद्री दिवसरात्र खाऊ शकते, याला रात्री उपाशी राहावे लागते. त्यावर हमिंगबर्डांचा तोडगा म्हणजे शरीर थंड पडू देऊन सुप्तावस्थेत जाणे. थंडी वा उपासमार आली की चिचुंद्रीही तेच करते.

महाराष्ट्रात शिंजीर पक्ष्याला सर्रास हमिंगबर्ड म्हणतात, ते चूक आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि लगतच्या बेटांवर आढळतात, आणि शिंजिराचे कूळच वेगळे. बी हमिंगबर्डची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालीचे तुकडे व दगडफूल यांचे वाटीसारखे इवले घरटे विणते. त्यात वाटाण्याएवढी दोन अंडी. ती उबवण्यापासून पिल्लांना भरवण्यापर्यंत सारे तिच्या एकटीच्या माथी. नर तिकडे फिरकत नाही.