स्वखर्च आणि स्वहस्त : छपरावरच्या सौरविजेची करकथा

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातले पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातले, भीमाकाठचे. परभणी तालुक्यातल्या पेडगावाचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही या दुसऱ्या पेडगावात, घरांच्या छपरांवरची सौर पॅनेल पाहत मी आयकराची कलमे चाळत होतो, तेव्हा तो वाक्प्रचार सारखा आठवत राहिला. स्वतःच्या घरावर स्वतःच्या हाताने वीज उभी करणाऱ्या माणसाकडे करव्यवस्था कशी पाहते, हा माझा प्रश्न होता. तिला त्याचा खर्च दिसतो. हात दिसत नाही, किंवा दिसूनही ती वेड पांघरते. हे नेहमीच असे होते का, याचा शोध मला सौरविजेच्या फार मागे, विहिरीपर्यंत घेऊन गेला.

उत्पादक कामाला करात सूट देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला मराठेशाहीत इस्ताव्याचा कौल मिळे : पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. आरंभीचा भार हलका करायचा आणि पुढच्या उत्पन्नातून वसुली करायची, हे त्यामागचे गणित.

इंग्रजी अमलात हा विचार कलमबद्ध झाला. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ च्या कलम १०६ प्रमाणे फेरआकारणी करताना खातेदाराने स्वतःच्या भांडवलातून आणि साधनांतून केलेली सुधारणा हिशेबात धरायची नव्हती. स्वखर्चाने विहीर खोदून जिरायताचे बागायत केले, तर त्या कष्टाबद्दल सारा वाढायचा नाही. पुढच्याच कलमात मात्र पळवाट होती. सुधारणा म्हणजे निसर्गदत्त लाभ वापरण्याचे केवळ साधन असेल, तर त्या लाभाची किंमत आकारता येत असे. विहीर तुमची, पण जमिनीखालचे पाणी निसर्गाचे! परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथेही मराठवाड्यातली जमीन पाहणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवरच झाली. या साऱ्या वादात एक प्रश्न कोणी विचारत नव्हते : विहीर कंत्राटदाराने खणली की शेतकऱ्याच्या घरच्यांनी? ‘भांडवल आणि साधने’ या शब्दांत पैसा होता, तसे घरचे बैल आणि घरचे मनगटही होते.

आयकराचा कायदा वेगळ्या मुशीतून आला. त्याचे डोळे वहीखात्यावर असतात. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ३२ व्यवसायात वापरलेल्या यंत्रांवर घसारा देई. सौर आणि पवन उपकरणांना हा घसारा एके काळी पहिल्याच वर्षी १०० टक्के होता. २००२ च्या सुमारास तो ८० टक्क्यांवर आला. आजच्या ३० टक्के दराने हिशेब करा. दहा लाखांच्या यंत्रणेवर ८० टक्के घसारा म्हणजे आठ लाखांची वजावट, म्हणजे पहिल्याच वर्षी २ लाख ४० हजार रुपयांचा कर वाचला. यंत्र त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले, तर घसारा निम्मा. म्हणून यंत्रणा सप्टेंबरअखेरच्या आत, निदान ३१ मार्चच्या आत सुरू करण्याची धडपड असे.

सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, त्यात वाऱ्याइतकाच या घसाऱ्याचा हात होता. पवनचक्कीचा मालक अनेकदा कधी पठारावर राहिलेला नसे. त्याच्याकडे कर भरण्याजोगा नफा असे, एवढे पुरे होते. एप्रिल २०१२ पासून पवनऊर्जेची ही सवलत काढली आणि त्याच सुमारास उत्पादनावरचे अनुदानही थांबले. २०१२-१३ मध्ये देशातली नवी उभारणी आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. २०१४ मध्ये सवलत परत द्यावी लागली. एप्रिल २०१७ पासून सौर उपकरणांवरचा घसारा ४० टक्के आहे.

आता हा कायदा पेडगावात आणून पाहू. शेतीचे उत्पन्न करमुक्त; ज्याला कर नाही त्याला वजावटीचा उपयोग नाही. गावातला छोटा दुकानदार बहुधा अंदाजी नफा दाखवतो. त्यात घसारा आधीच मिळाला असे गृहीत धरले जाते. निव्वळ राहत्या घरावरच्या पॅनेलला आयकरात वजावट नाहीच. घरातच दुकान असेल आणि रीतसर हिशेब ठेवले असतील, तर धंद्यात वापरलेल्या हिश्श्यापुरताच घसारा मिळतो. शहरांत थोडा दिलासा आहे : पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते.

वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला नेमका प्रश्न विचारला. सांगाडा त्यांनी स्वतः जोडला, वायरिंग मुलाने केले. म्हणाले, “सर, प्लेटांचं बिल हाय, केबलचं हाय. पण दोन दिस उन्हात छपरावर राबलो, त्याचं बिल मी कुणाच्या नावानं फाडू?” आयकराचे उत्तर सरळ आहे. घसारा ‘प्रत्यक्ष खर्चा’वर मिळतो आणि स्वतःच्या श्रमाला खर्च म्हणत नाहीत. अमेरिकेतही १९७८ पासून घरगुती सौरऊर्जेला करसवलती येत-जात राहिल्या. २०२५ अखेरपर्यंतच्या खर्चावरची ३० टक्के सवलत ही त्यांतली अलीकडची. स्वतः बसवलेल्या यंत्रणेच्या सामानावर ती मिळे, पण मालकाच्या घामाचे मोल तिथेही शून्यच.

मात्र एक गंमत आहे. वस्तू आणि सेवा करात पुरवठा आणि उभारणी एकत्र असेल, तर ७० टक्के किंमत सामानाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. सप्टेंबर २०२५ पासून सामानावर ५ टक्के, सेवेवर १८ टक्के. स्वतः राबणाऱ्याच्या श्रमावर हा १८ टक्के कर लागत नाही. त्याला मिळणारी ही एकमेव सवलत, आणि तीही कायद्याच्या मनात नसलेली.

ज्यांना कर नाही त्यांच्यासाठी सरकारने थेट अनुदानाचा मार्ग घेतला, आणि तो न्याय्यच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये मिळतात. कर भरत नसलेल्या घरापर्यंत मदत पोहोचते, ती अशी. पण अट आहे : काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच हवे. आयकरात स्वतः बसवणाऱ्याची फक्त मजुरी बुडते. इथे सारे अनुदानच जाते.

अटीमागे कारण आहे. छपरावरची वीज महावितरणच्या तारांत जाते. जोडणी चुकली, तर वीजपुरवठा बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. म्हणून तपासणी हवीच. पण तपासणी कामाची करता येते. काम कोणी केले याची करण्याची गरज नाही. परवानाधारक वायरमन आपल्याकडे आहेत, जोडणीपूर्व पाहणीही आहे. घरमालकाने सांगाडा उभारावा, परवानाधारकाने जोडणी तपासून सही करावी आणि मदत सामानाच्या बिलांवर मिळावी, एवढी वाट ठेवता आली असती.

१८७९ चा कायदा परक्या सरकारचा होता आणि साऱ्यासाठीच होता. तरी तो विहिरीपाशी उभा राहून विचारत होता : हे कोणाच्या बळावर झाले? आजचा कायदा सौर पॅनेलपाशी उभा राहून विचारतो : बिल कोणाचे? पाण्याप्रमाणे उन्हाची आकारणी अजून कोणी मागितलेली नाही, हे आपले भाग्य. पण ज्या गावांत रोख पैशापेक्षा कसब आणि वेळ जास्त आहे, तिथे ते कसब भांडवलात धरायला आपण विसरलो आहोत. इस्तावा देणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक होते, की पडीक जमीन पैशाने नव्हे, आधी राबणाऱ्या माणसांनी लागवडीला येते.